ऊब दिसते, ओळख दिसत नाही

माझा भाचा टेक्सासात शेळ्या पाळतो. आमच्या खानदानात परदेशी गेलेले बरेच आहेत. कुणी बोटीवर, कुणी दुबईत, कुणी कुवेतला. सातासमुद्रापार जाऊन बकऱ्यांच्या मागे लागलेला हा पहिलाच. गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर त्याने फोनवर विचारले, "मामू, रात्री कायोटी मारायला कोणता थर्मल स्कोप घेऊ? तुम्ही त्या कॅमेऱ्यांवर आयुष्य काढलंय." आयुष्य काढले म्हणणे जास्त होईल, पण नोकरीतली शेवटची बारा वर्षे मी विजेच्या सबस्टेशनांत थर्मल कॅमेरा घेऊन फिरलो हे खरे आहे. कुठला क्लॅम्प तापलाय, कुठला आयसोलेटर ढिला पडलाय, हे तो कॅमेरा दुरून सांगतो. बंदूक मी कधी चालवलेली नाही. पण या प्रश्नाचा मोठा भाग बंदुकीचा नाहीच, बघण्याचा आहे, आणि बघण्याबद्दल माझे मत ठाम आहे. ते मी भाच्याला फोनवर सांगितले, नंतर दोन महिने त्याच्याकडे राहून त्याच्या कुरणात उभा राहूनही सांगितले. अमेरिकेत जनावरे पाळणारे किंवा मित्रांबरोबर रात्री शिकारीला जाणारे आपले काही वाचक आहेत, म्हणून इथे मांडतो. इतरांनाही त्यात काही सापडेल.

आधी कायोटी म्हणजे काय ते सांगतो. आपल्या कोल्ह्यापेक्षा मोठा, लांडग्यापेक्षा लहान, दोघांचाही भाऊबंद. वजन साधारण ९ ते २० किलो. मूळचा उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या माळरानांचा. माणसाने लांडगे मारले, जंगले तोडली, तसा तो मोकळ्या जागेत पसरत गेला. आज शिकागोसारख्या शहरातही राहतो. उंदीर, ससे, फळे, मेलेली जनावरे, काहीही चालते. 'कोल्हा काकडीला राजी' म्हणतात, हा तर कशालाही राजी. पण कोवळे करडू किंवा कोकरू मिळाले तर सोडत नाही. अमेरिकेत भक्षकांमुळे जेवढ्या मेंढ्या-कोकरे मरतात, त्यांत कायोटीचा वाटा सगळ्यात मोठा आहे.

हा विषय आपल्या ताटापासून फार लांब नाही. अमेरिकेत सगळ्यात जास्त शेळ्या टेक्सासात आहेत आणि सॅन अँजेलोचा शेळ्या-मेंढ्यांचा लिलाव त्या देशातला सर्वांत मोठा मानला जातो. ह्यूस्टन, डॅलस, शिकागो, न्यू जर्सी इथल्या मुस्लिम वस्त्यांत बकऱ्याच्या मटणाला जी मागणी आहे, तिने हा धंदा उभा राहायला मोठा हातभार लावला आहे. बकरी ईदच्या आधी भाव चढतो. कुर्बानीचा बोकड धडधाकट लागतो. लंगडणारा किंवा कान तुटलेला चालत नाही. म्हणजे कायोटीने नुसता लचका तोडला आणि बोकड वाचला, तरी ईदचा भाव गेला. भाच्याची चिंता खरी होती. हौस म्हणून तो हे विचारत नव्हता.

आता दुकानदार काय विकतो ते पाहू. थर्मल स्कोपच्या जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरात एक आकडा असतो: इतक्या मीटरवरून दिसते. १२००, १८००, २३००. माणसाला वाटते, २३०० मीटरवरचा कायोटी दिसणार म्हणजे ३०० मीटरवरचा तर हातात आल्यासारखा. इथेच घोटाळा आहे. तो आकडा 'तिथे काहीतरी उबदार आहे' एवढे कळण्याचा आहे, आणि तोही बहुतेक वेळा माणसाएवढ्या उंच वस्तूसाठी. ते काय आहे, कुणाचे आहे, हे कळण्याचा आकडा वेगळा असतो, आणि तो इतका लहान असतो की जाहिरातीत छापायला परवडत नाही.

आपल्या घरात गुमान आणि यकीन हे दोन शब्द वेगळे वापरतात. गुमान म्हणजे अंदाज, यकीन म्हणजे खात्री. थर्मल कॅमेरा जवळजवळ नेहमी गुमान देतो. बंदुकीचा चाप मात्र यकीन मागतो, कारण सुटलेली गोळी परत बोलावता येत नाही. म्हणून माझे मत असे: रात्रीच्या शिकारीची साधने निवडताना 'किती लांबचे दिसते' ही कसोटी चुकीची आहे. 'कुठपर्यंत खात्रीने ओळखता येते' ही एकच कसोटी लावावी, आणि ती लावली की खरेदीची यादी उलटी होते. सगळ्यात महाग वस्तू यादीच्या तळाशी जाते.

हे पटण्यासाठी यंत्र काय करते ते समजून घ्यावे लागेल. प्रत्येक वस्तू तिच्या तापमानानुसार अवरक्त किरण टाकत असते. आपल्या रोजच्या तापमानाच्या वस्तूंचे हे किरण साधारण ८ ते १४ मायक्रॉन लांबीचे असतात. थर्मलमधला सेन्सर हजारो बारीक ठिपक्यांचा बनलेला असतो. प्रत्येक ठिपका पडणाऱ्या किरणांनी किंचित तापतो आणि त्यावरून चित्र तयार होते. साध्या काचेतून हे किरण जात नाहीत, म्हणून भिंग जर्मेनियमचे असते आणि म्हणूनच ते महाग असते. गाडीची काच बंद ठेवून थर्मलने बाहेरचे शोधायला गेलात तर काचेचीच ऊब दिसेल.

म्हणजे थर्मलला रंग माहीत नाही, केसांवरचे ठिपके-पट्टे माहीत नाहीत, उजेड-सावली माहीत नाही. त्याला फक्त तापमानातला फरक कळतो, आणि तिथेही तो फसतो. सबस्टेशनात चकचकीत धातूची पट्टी तापलेली असूनही थंड दिसते, कारण चकचकीत पृष्ठभाग स्वतःची ऊब कमी टाकतो आणि समोरच्याची परत फेकतो. नवख्या मुलाला आम्ही हीच गोष्ट आधी शिकवायचो: पडद्यावर दिसते ते तापमान नव्हे, ते पडद्याचे म्हणणे आहे. कुरणातही तेच. दिवसभर तापलेले दगड रात्री उशिरापर्यंत जनावरासारखे चमकतात. धुके, पाऊस, दमट हवा असली की फरक पुसट होतो. गवताची काडी, तारेचे कुंपण, वाळलेली फांदी आसपासच्याच तापमानाला आलेली असते, त्यामुळे ती दिसतच नाही. गोळीला मात्र लागते. शिवाय चित्र सपाट असते. जवळचा ससा आणि लांबचा कायोटी यांतला फरक अंतर माहीत नसेल तर कळणे कठीण.

आता ओळखीचा हिशेब. १९५८ साली अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेतल्या जॉन जॉन्सन यांनी एक मापन मांडले. ते अजून वापरात आहे. पिक्सेलच्या भाषेत ते साधारण असे: वस्तूच्या आखूड बाजूवर २ पिक्सेल पडले तर 'काहीतरी आहे' कळते. ८ पडले तर 'कुठल्या प्रकारचे आहे' कळते. १२-१३ पडले तर 'नेमके काय आहे' कळते. आणि हे सगळे निम्म्या वेळा. म्हणजे शंभरात पन्नास वेळा.

हा हिशेब कायोटीला लावू. समजा स्कोपच्या सेन्सरचा पिक्सेल १२ मायक्रॉनचा आहे आणि भिंगाची फोकल लेंग्थ ५० मिलिमीटर आहे. हा चांगल्यातला, काही हजार डॉलरचा स्कोप झाला. १२ मायक्रॉनला ५० मिलिमीटरने भागा. १०० मीटरवर एका पिक्सेलमध्ये २.४ सेंटिमीटर मावतात, असे उत्तर येते. कायोटीची उंची अर्धा मीटर धरली तर १,००० मीटरवर त्याच्या अंगावर २ पिक्सेल पडतात. जाहिरात इथे संपते. ८ पिक्सेल पडायला तो साधारण २६० मीटरवर हवा. १३ पडायला साधारण १६० मीटरवर. आणि १६० मीटरवरसुद्धा नाणेफेकीएवढीच खात्री. त्याहून जास्त खात्री हवी असेल तर अंतर आणखी कमी करायला हवे. २५ मिलिमीटरचे भिंग असेल तर हे सगळे आकडे निम्मे होतात: नेमके ओळखण्याचे अंतर ८० मीटर.

या हिशेबात सेन्सर ३८४ चा की ६४० चा हे कुठेच आले नाही, हे लक्षात घ्या. पिक्सेलचा आकार आणि भिंग तेच असेल तर ६४० चा सेन्सर बारकावा वाढवत नाही, रुंदी वाढवतो. ५० मिलिमीटरच्या भिंगातून १०० मीटरवर ३८४ चा सेन्सर सुमारे ९ मीटर रुंद पट्टा दाखवतो, ६४० चा सुमारे १५ मीटर. रुंदीचा उपयोग आहे, शोधायला बरे पडते, पण ओळखण्याचे अंतर एक मीटरनेही वाढत नाही. डिजिटल झूमचेही तेच. चार पट झूम केले की तेच चौकोन मोठे दिसतात, नवी माहिती कुठून येणार?

मग पैसे कशावर घालावे? तापमानाचा बारीक फरक टिपण्याच्या क्षमतेवर, जी मिलिकेल्विनमध्ये दिलेली असते. हा आकडा जेवढा लहान तेवढे चांगले; २५ म्हणजे अंशाचा चाळिसावा भाग. कोरड्या थंड रात्री ४० आणि २५ यांतला फरक फारसा जाणवत नाही, दमट रात्री जाणवतो. दुसरे, चित्र सेकंदाला किती वेळा बदलते. ९ वेळा बदलणारे स्वस्त यंत्र खांबावरचा क्लॅम्प बघायला पुरते, कारण खांब पळत नाही. चालत्या जनावरासाठी ३० तरी हवे, ५०-६० असेल तर उत्तम. तिसरे, हाताने फिरवता येणारा फोकस. कायम एकाच फोकसचे भिंग लांबचे चित्र थोडे धूसरच ठेवते, आणि ओळख त्या धूसरपणातच हरवते. चौथे, अंतर मोजणारा लेझर. अंतर कळले की आकाराचा अंदाज येतो, ससा आणि कायोटी वेगळे पडतात.

पण सगळे उत्तम घेतले तरी एक गोष्ट उरते, आणि भाच्याच्या कुरणात ती चार पायांवर फिरते. त्याच्याकडे ग्रेट पिरेनीज जातीचे दोन राखणदार कुत्रे आहेत. पांढरेशुभ्र, दाट केसांचे, रात्रभर शेळ्यांभोवती फिरणारे. आपल्या धनगरांचे कुत्रे असतात त्याच कामाचे. कायोटीच्या वासावर हे कुत्रे कुंपणापर्यंत धावत जातात. कधी कुंपण ओलांडूनही जातात. म्हणजे कायोटी जिथे असण्याची शक्यता सगळ्यात जास्त, नेमके तिथेच कुत्राही असतो. दिवसा पांढरा कुत्रा आणि करडा कायोटी यांत पोरसुद्धा गोंधळणार नाही. थर्मलच्या पडद्यावर दोघेही पांढरे. दाट केसांमुळे कुत्र्याच्या अंगाची ऊब कमी बाहेर येते, चेहरा आणि पाय तेवढे उजळ दिसतात. कायोटीचेही हिवाळ्यात तसेच. कुत्रा दुप्पट वजनाचा असतो, पण अंतर माहीत नसताना दुप्पट म्हणजे कशाच्या दुप्पट? रात्रभर शेळ्या राखणाऱ्या मुक्या जनावराला त्याच्याच मालकाने कायोटी समजून मारावे, यापेक्षा मोठी बेइन्साफी त्या कुरणात होऊ शकत नाही.

ही भीती फक्त एका कुरणापुरती नाही. उत्तर कॅरोलायनाच्या पूर्व टोकाला तांबडा लांडगा नावाचा प्राणी आहे. जंगलात मोकळे असलेले मोजून दोन-तीन डझनही भरत नाहीत. दिसायला कायोटीचा मोठा भाऊ. त्या राज्याने रात्री दिवे लावून कायोटी मारायला परवानगी दिली तेव्हा वन्यजीवप्रेमी संस्था न्यायालयात गेल्या. २०१४ साली फेडरल न्यायालयाने लांडग्यांच्या पाच काउंट्यांत कायोटीची शिकार थांबवली, आणि वर्षाअखेरीस जी तडजोड झाली तिच्यात दिवसाची शिकार परवान्याने सुरू राहिली, रात्रीची बंद झाली. २०२१ च्या डिसेंबरात न्यूयॉर्क राज्यात कूपर्सटाउनजवळ एका शिकाऱ्याने मोठा कायोटी म्हणून ८५ पौंडांचा प्राणी मारला. डीएनए तपासल्यावर तो लांडगा निघाला. 'मला कायोटी वाटला' हे वाक्य अमेरिकेत इतके नेहमीचे आहे की ते जवळजवळ कायद्याचा भाग झाले आहे. १९९५ मध्ये मॉन्टॅनात यलोस्टोनचा लांडगा मारणाऱ्या माणसाच्या खटल्यानंतर तिथल्या न्याय खात्याने धोरण ठरवले की कुठला प्राणी मारतोय हे मारणाऱ्याला माहीत होते, असे सिद्ध करता येत असेल तरच खटला भरायचा. म्हणजे ज्याने ओळखायचे कष्टच घेतले नाहीत, तो सुटण्याची शक्यता जास्त. कायद्याने सुटणे आणि इन्साफ होणे यांत अंतर असते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

यावर उपाय म्हणून त्या तांबड्या लांडग्यांच्या गळ्यात आता भडक नारिंगी, उजेडात चमकणारे पट्टे बांधतात. आणि इथे मी दिव्याच्या मुद्द्याकडे येतो. उसाच्या हंगामात आपल्याकडे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागे चमकणाऱ्या पट्ट्या लावतात. हेडलाइट पडला की पट्टी उजेड आला त्याच दिशेला परत फेकते आणि लांबून ट्रॉली ओळखू येते. कुत्र्याच्या गळ्यातला तसा पट्टा काही डॉलरला मिळतो. साध्या दिव्याच्या झोतात तो दोनशे मीटरवरून लख्ख चमकतो. थर्मलमध्ये? काहीच नाही. त्या पट्टीची चमक उजेडाची आहे, उबेची नाही. हजारो डॉलरच्या स्कोपला जो फरक दिसत नाही, तो शंभर-दीडशे डॉलरचा दिवा आणि काही डॉलरचा पट्टा दाखवतात. म्हणून मी म्हणतो की दिवा जुनाट झालेला नाही.

दिवा निवडतानाही जाहिरातीचा आकडा फसवतो. डब्यावर ल्युमेन मोठे लिहिलेले असतात. ल्युमेन म्हणजे एकूण उजेड; लग्नाच्या मांडवातल्या फ्लडलाइटलाही खूप ल्युमेन असतात. आपल्याला पाहिजे कँडेला, म्हणजे एका दिशेला झोत किती घट्ट आहे. सोपा हिशेब: कँडेलाचे वर्गमूळ काढून दुप्पट करा, तेवढ्या मीटरवर पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड पडतो. ४०,००० कँडेलाचा दिवा म्हणजे ४०० मीटर. पण चांदण्यात कुत्रा-कायोटी ओळखता येत नाही. त्याच दिव्याने १०० मीटरवर सोळापट उजेड पडतो, तिथे ओळख पटते. म्हणजे डब्यावरच्या अंतराचा चौथा भाग आपला.

रंगाबद्दल वाद फार. कुत्र्याच्या कुळातल्या प्राण्यांना दोनच प्रकारचे रंगशंकू असतात, त्यामुळे लाल रंग त्यांना मंद दिसतो. मंद म्हणजे अदृश्य नव्हे. प्रखर लाल झोत थेट डोळ्यांत मारला तर कायोटी बुजणारच. म्हणून जाणकार लोक झोताची कडा जनावरावर ठेवतात, मधला भाग वर. लाल उजेडाचा दुसरा फायदा आपल्या डोळ्यांना: अंधाराला सरावलेली नजर टिकते. हिरवा आपल्याला तेवढ्याच शक्तीत जास्त उजळ वाटतो, कारण अंधारातली आपली नजर त्या भागात सगळ्यात तीक्ष्ण असते. पण अंगाचा खरा रंग फक्त पांढऱ्या उजेडात कळतो. म्हणून शोधायला लाल आणि शेवटच्या क्षणी पांढरा, असे दोन्ही देणारा दिवा मी निवडीन. डोळ्यांच्या चमकेवर मात्र विसंबू नये. शेळी, हरीण, मांजर, कुत्रा, कायोटी, सगळ्यांचे डोळे चमकतात, आणि चमकेचा रंग कोनानुसार बदलतो.

मधला एक पर्याय आहे, डिजिटल नाइट व्हिजन. अवरक्त दिव्याने उजेड पाडून कॅमेऱ्याने बघायचे. यात रंग नसतो, पण अंगावरचे बारकावे, कुंपण, फांदी आणि चमकणारा पट्टाही दिसतो, आणि किंमत थर्मलपेक्षा बरीच कमी असते. ८५० नॅनोमीटरचा दिवा लांब जातो पण त्याचा ठिपका किंचित लाल दिसतो. ९४० चा दिसत नाही, पण पोहोच कमी.

तर माझी यादी अशी. पहिले, कुत्र्यांना चमकते पट्टे. दुसरे, हातात धरायचा थर्मल, बंदुकीवर बसवायचा नाही. हा फरक मला सगळ्यात मोलाचा वाटतो. बंदुकीवरच्या स्कोपने कुरण चाळायचे म्हणजे जे जे दिसेल त्या प्रत्येकावर भरलेली नळी रोखायची. त्यात शेळी आली, कुत्रा आला, कुंपण दुरुस्त करायला आलेला शेजारीही आला. शोधणे आणि रोखणे ही दोन कामे दोन वेगळ्या हातातल्या वस्तूंनी करावीत. तिसरे, बंदुकीवर दिवसाचा साधा स्कोप आणि घट्ट झोताचा दिवा, किंवा डिजिटल नाइट व्हिजन. चौथे, या सगळ्यातून पैसे उरले तर थर्मल स्कोप. आणि तो घेतला तरी ओळखीच्या अंतराच्या पुढे बार न काढण्याचा नियम स्वतःला घालून.

यावर आक्षेप येतात, ते मी तिथल्या लोकांकडून ऐकले आहेत. एक म्हणजे दिव्याने कायोटी पळून जातो. जातो, काही वेळा नक्की जातो. पण पळालेला कायोटी उद्या परत येतो, मेलेला कुत्रा येत नाही. दुसरा आक्षेप: अनुभवी माणूस चालीवरून ओळखतो, कायोटी धावताना शेपूट खाली ठेवतो वगैरे. हेही खरे, पंधरा-वीस वर्षे रात्री काढलेल्या माणसाची नजर वेगळीच असते. पण अनुभवाने पिक्सेल वाढत नाहीत. पडद्यावर सहा ठिपके असतील तर शेपूट वर की खाली हे सहा ठिपक्यांत मावत नाही. आणि दुकानात स्कोप विकत घेणारे बहुतेक लोक पंधरा वर्षांचे अनुभवी नसतात.

तिसरा आक्षेप आपल्याच वाचकांचा असेल: मारायचेच कशाला? विनाकारण जीव घेऊ नये हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते, आणि मला ते अमेरिकेतल्या कुरणातही लागू वाटते. जास्तीत जास्त कायोटी मारणाऱ्याला बक्षीस, अशा स्पर्धा तिथे भरतात. कॅलिफोर्नियाने २०१४ साली त्यांवर बंदी घातली, नंतर व्हर्मॉन्ट, न्यू मेक्सिको यांनीही. त्या स्पर्धांचे मी समर्थन करणार नाही. पण करडे गमावणाऱ्याला नुसता उपदेश करून चालत नाही. रात्री कळप आत घेणे, विण्याच्या दिवसांत शेड, चांगले कुंपण, राखणदार कुत्रे, हे आधी. तरीही एखादा कायोटी चटावला तर मालकाला बंदूक उचलावी लागते, हे मी समजू शकतो. इथे मात्र एक गोष्ट लक्षात घ्यावी. अमेरिकेचे सरकारी खाते दरवर्षी ५० हजारांहून अधिक कायोटी मारते, तरी कायोटी संपलेला नाही. उत्तर कॅलिफोर्नियातल्या अभ्यासात आढळले की मेंढ्या मारणारे बहुतेक कायोटी म्हणजे त्या हद्दीत पिल्ले वाढवणाऱ्या जोड्या होत्या. बाकीच्यांचा त्यात फारसा हात नव्हता. म्हणजे दिसेल ती ऊब टिपून शेळ्या वाचत नाहीत. कदाचित निरुपद्रवी जोडी मरते आणि तिची जागा उपद्रवी जोडी घेते. ओळख फक्त कुत्रा की कायोटी एवढ्यावर थांबत नाही. कुठला कायोटी, हाही प्रश्न असतो.

कायद्याबद्दल एवढेच: टेक्सासात खाजगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने रात्री दिवा किंवा थर्मल वापरून कायोटी मारता येतो, जाण्याआधी तिथल्या गेम वॉर्डनला कळवलेले बरे, नाहीतर रात्रीचे बार ऐकून तोच येतो. इतर राज्यांचे नियम वेगळे आहेत. शेजारच्या राज्यात गेलात तर तिथले नियम आधी वाचा. आणि सुट्टीत गावी आल्यावर हे डोक्यातून काढून टाका. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कोल्हा, लांडगा, ससा कुणालाही मारता येत नाही. बॅटरी मारून ससे टिपणे हाही गुन्हाच. थर्मल आपल्याकडे आला आहे तो बिबट्या शोधणाऱ्या वनखात्याच्या ड्रोनवर. तिथेही तो उसात काहीतरी उबदार आहे एवढेच सांगतो. बिबट्या आहे, रानडुक्कर आहे की कुणाचे वासरू, हे शेवटी माणसालाच बघावे लागते.

यंत्रे अजून चांगली होतील. पिक्सेल लहान होतील, किमती उतरतील, पडद्यावर 'हा कायोटी' अशी चौकट उमटवणारी यंत्रेही सर्रास मिळू लागतील. त्या चौकटीवरही मी पडद्याच्या म्हणण्याइतकाच विश्वास ठेवीन. सशाच्या शिकारीला निघताना वाघाची तयारी ठेवावी म्हणतात. रात्रीच्या शिकारीला निघताना मोकळ्या हाताने परतायचीही तयारी ठेवावी. पडद्यावर पांढरे काही हलले, तर पहिला प्रश्न 'किती लांब' हा नसावा, 'कोण' हा असावा. उत्तर येत नसेल तर बोट चापावरून काढावे, कुत्र्यांना हाक मारावी, शेळ्या मोजाव्यात आणि घरी जावे.